भय, तडजोड आणि निष्ठा : बाबा पदमनजी यांची धर्मांतरापूर्वीची वर्षे

१

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात जव्हार व मोखाडा हे दोन तालुके येतात. त्यांपैकी जव्हार हे इ. स. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते; आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात मोडत असत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींची येथे मुख्यत्वे वस्ती आहे. या समाजांत धर्म ही एकट्यादुकट्याने पाळावयाची बाब नाही. गावदेवाची पूजा साऱ्या गावाची असते. मोखाड्याकडील बोहाड्यात देवदेवतांची सोंगे निघतात आणि अमुक सोंग नाचविण्याचा मान अमुक घराण्याचा, हे वंशपरंपरेने ठरलेले असते. अशा गावात एखाद्याने ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली, तर प्रश्न त्याच्या अंतःकरणापुरता राहात नाही. सोंगाचा मान कोणी घ्यावा, पूजेची वर्गणी द्यावी की नाही, आजाऱ्यासाठी भगत बोलवावा की नाही, मुलीची सोयरीक कोठे जुळवावी, असे अनेक व्यावहारिक प्रश्न त्याच्या दारी येऊन उभे राहतात. आणि त्यांतील प्रत्येक प्रश्नाला थोड्याशा तडजोडीचे एक सोपे उत्तरही उपलब्ध असते.

भयाने व तडजोडीने श्रद्धावंताची निष्ठा क्षीण होते, हे विधान उपदेशपर वाङ्मयात वारंवार आढळते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. भय नेमके कशाचे, तडजोड नेमकी कोणती आणि निष्ठेचा ऱ्हास कोणत्या क्रमाने होतो, हे त्याला पाहावे लागते. यासाठी ज्या माणसाने स्वतःच्या भयाचा हिशेब स्वतः लिहून ठेवला आहे, अशा माणसाची साक्ष विशेष मोलाची ठरते. मराठीत अशी साक्ष बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या इ. स. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिळते. डोंगरातील पाडा आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई यांच्यात अंतर मोठे आहे. परंतु जातीने वा गावाने वेढलेल्या माणसाची कोंडी दोहोंकडे एकाच जातीची आहे. म्हणून त्या साक्षीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

बाबा पदमनजी यांचा जन्म इ. स. १८३१ मध्ये बेळगाव येथे कासार जातीच्या एका सुस्थितीतील कुटुंबात झाला. घरातील वातावरण धार्मिक होते. व्रते, पोथ्या, देवपूजा यांत त्यांचे बालपण गेले. बेळगावच्या मिशन शाळेत त्यांना बायबलाची पहिली ओळख झाली. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात त्यांचा ख्रिस्ती शिक्षकांशी निकटचा संबंध आला. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्माविषयीची अनुकूलता आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये जी वर्षे गेली, तीच येथे विचाराधीन आहेत.

त्या काळात मुंबईतील विद्यार्थ्याला कशाचे भय वाटत होते, हे समजण्यासाठी दोन प्रकरणे लक्षात घेतली पाहिजेत. इ. स. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी आपली मुले मिशन शाळेतून काढून घेतली. त्यानंतर चारच वर्षांनी, इ. स. १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. तो केवळ मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण मुलगा घरी परत आला तरी जातीत परत येईना. त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला. सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला आणि बाळशास्त्रींच्या बाजूस उभे राहणाऱ्यांनाही त्याची झळ सोसावी लागली.

श्रीपतीच्या प्रकरणातून विद्यार्थिवर्गाने जो धडा घेतला असेल, तो स्पष्ट आहे. जातीचा निर्णय मनातील मताविषयी नव्हता. तो अन्नाविषयी व सहवासाविषयी होता. एखाद्याने मनात काय मानावे याची चौकशी जात सहसा करीत नसे. परंतु कोणाच्या हातचे खाल्ले याची चौकशी ती कसोशीने करी. मतापुरते स्वातंत्र्य आणि आचारापुरते बंधन, अशी ही व्यवस्था होती. मनातल्या मनात श्रद्धा ठेवून बाहेरचा आचार पूर्ववत् चालू ठेवण्याचा मोह या व्यवस्थेतच पेरलेला होता.

भयाला कायद्याचीही बाजू होती. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद इ. स. १८५० च्या २१ व्या कायद्याने झाली. म्हणजे बाबा पदमनजी मुंबईत शिकत असतानाच वडिलार्जित संपत्ती गमावण्याचे भय निदान कागदोपत्री तरी दूर झाले होते. पण कायदा घरात जागा देऊ शकत नव्हता. बाल्यातच लग्न झालेल्या तरुणापुढे पत्नीचा प्रश्न होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास सोडल्यास विवाहविच्छेद मागण्याची सोय पुढे इ. स. १८६६ च्या कायद्याने झाली. तोपर्यंत अशा माणसाची अवस्था विवाहित असून एकटी, अशीच होती. बाबा पदमनजी यांची पत्नी धर्मांतरानंतर त्यांच्याबरोबर आली नाही. आईवडिलांच्या दुःखाचा विचारही त्यांना मागे ओढीत होता. तेव्हा ‘भय’ या एका शब्दाखाली दंडाचे भय, बहिष्काराचे भय आणि प्रेमाच्या माणसांना दुखविण्याचे भय अशा तीन वेगळ्या गोष्टी येतात. यांतील तिसरे भय सर्वांत प्रबळ, आणि ते सद्गुणाच्या रूपाने येते म्हणून ओळखावयासही सर्वांत कठीण.

३

याच सुमारास, इ. स. १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस मंडळीची स्थापना झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे वैचारिक प्रवर्तक व राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष होते. इ. स. १८४४ मध्ये सुरतेस निघालेल्या मानवधर्म सभेशीही दादोबांचा संबंध होता. ईश्वर एक आहे, मूर्तिपूजा त्याज्य आहे, जातिभेद मानू नये, ही मंडळीची मुख्य मते होती. प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, असा रिवाज होता. जातीची कसोटी अन्नाची असल्याने तिच्यावरचा आघातही अन्नानेच करण्यात आला, हे उघड आहे.

मात्र हा आघात बंद दाराआड होत असे. सभासदांची संख्या एक हजार होईपर्यंत मंडळीचे अस्तित्व प्रकट करावयाचे नाही, असे ठरले होते. बाबा पदमनजी या मंडळीचे सभासद होते, आणि ‘अरुणोदया’तील त्यांचे निवेदन हे मंडळीच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन आहे. अ. का. प्रियोळकर यांनी ‘परमहंस सभा व तिचे अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण’ या इ. स. १९६६ च्या ग्रंथात या मंडळीचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे.

परमहंस मंडळी ही ख्रिस्ती संस्था नव्हती. तिचे बहुतेक सभासद एकेश्वरवादी सुधारक होते, आणि त्यांना भित्रे ख्रिस्ती समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. परंतु ज्याच्या मनात ख्रिस्तावरील श्रद्धा अंकुरत होती, त्या तरुणाला या मंडळीने काय दिले, हा प्रश्न वेगळा आहे. मंडळीत मूर्तिपूजेचा निषेध होता, जातिभेदाचा निषेध होता, एका ईश्वराची प्रार्थना होती. आणि सभा संपल्यावर घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच पंगतीत बसण्याची मुभा होती. सत्य स्वीकारल्याचे समाधान मिळावे आणि त्याची किंमत मात्र द्यावी लागू नये, अशी ही सोय होती. बाबा पदमनजींना या मंडळीत निवारा मिळाला. पण हा निवारा कायमचा मुक्काम होण्याचा धोकाही तेथेच होता.

हजार सभासदांच्या नियमाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. एकट्याने उघड होण्यात नाश आहे, हजारांनी एकदम उघड झाल्यास जात कोणाकोणाला टाकणार, हा त्यामागील हिशेब वरवर पाहता चतुर आहे. पण या नियमाने एक सूक्ष्म बदल घडवून आणला. जे गुप्त राखणे तात्पुरते होते, त्याला नियमाची प्रतिष्ठा मिळाली. भयामुळे मौन पाळणाऱ्याला निदान मनाची टोचणी असते. नियमाप्रमाणे मौन पाळणाऱ्याला ती राहात नाही. उलट मौन हे कर्तव्य बनते आणि जो उघड बोलेल तो मंडळीचा अपराधी ठरतो. भय हा मनाचा क्षणिक कंप आहे. तडजोड ही त्या कंपाने बांधलेली व्यवस्था आहे. निष्ठा क्षीण होते ती मुख्यतः या व्यवस्थेमुळे.

मंडळीचा शेवटही याच सूत्राला धरून झाला. इ. स. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले. नावे फुटणार या धास्तीने सभासद पांगले आणि मंडळी मोडली. हजाराची संख्या कधीच गाठली गेली नाही. अकरा वर्षे चाललेली संस्था एका यादीच्या चोरीने नाहीशी झाली, याचा अर्थ असा की तिचे सारे बळ गुप्ततेत होते आणि गुप्ततेबाहेर उभे राहण्याचा सराव तिच्या सभासदांना झालेलाच नव्हता. पुढे ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची उघड स्थापना झाली, तेव्हा तिच्या प्रवर्तकांत परमहंस मंडळीतील आत्माराम पांडुरंग हे अग्रभागी होते. गुप्ततेचा अनुभव उघड संस्थेच्या उभारणीस उपयोगी पडला, असे यावरून म्हणता येईल. पण त्यासाठी आधी गुप्तता सोडावी लागली.

४

ख्रिस्ती निष्ठेच्या बाबतीत गुप्ततेचा परिणाम अधिक खोल का होतो, हे त्या धर्माच्या उपासनेच्या स्वरूपावरून समजते. ख्रिस्ती भक्ती ही मुख्यतः मंडळीत होणारी भक्ती आहे. एकत्र प्रार्थना, वचनाचे श्रवण, प्रभुभोजन आणि लोकांपुढे साक्ष, ही तिची अंगे आहेत. गुप्त श्रद्धावंताला यांतील एकही अंग पुरेसे लाभत नाही. त्याच्याजवळ उरते ते मत. मत आणि भक्ती यांत भेद असा की मत वादात टिकते, परंतु संकटात आधार देत नाही. ‘नव्या करारा’तच ही कोंडी चित्रित झाली आहे. रात्रीच्या वेळी येशूकडे येणारा निकदेम, भयास्तव गुप्त राहिलेला अरिमथाईकर योसेफ आणि अंगणातील शेकोटीपाशी एका दासीच्या प्रश्नाने गांगरून गुरूला नाकारणारा पेत्र, या तिघांच्या कथा याच एका प्रश्नाभोवती फिरतात. त्यांतील एकही जण कायमचा टाकून दिलेला नाही, हेही तितकेच लक्षणीय आहे.

बाबा पदमनजी यांनी या विषयावर केवळ आत्मचरित्रातच विचार केला असे नाही. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, इ. स. १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून ते सर्वपरिचित आहे. पण त्यातील नायक-नायिकेची अवस्था या संदर्भात पाहण्याजोगी आहे. विनायक व यमुना हे मनाने ख्रिस्ती मताकडे वळलेले, परंतु लोकांत हिंदू म्हणून वावरणारे दांपत्य आहे. विनायकाला अकाली मृत्यू येतो आणि यमुनेची गणना हिंदू विधवेत होते. वपनासाठी तिच्यावर दडपण येते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कथेचा हा क्रम एक गोष्ट सुचवितो. घरातील कर्त्या पुरुषाने आपली श्रद्धा झाकून ठेवली, तर त्या झाकण्याची किंमत बहुधा त्याला द्यावी लागत नाही. ती मागे राहणाऱ्या स्त्रीला व मुलांना द्यावी लागते. ज्या प्रेमाच्या माणसांना दुखवू नये म्हणून तडजोड केली जाते, तीच माणसे पुढे त्या तडजोडीची बळी होतात. वर सांगितलेल्या तिसऱ्या भयाला याहून समर्पक उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल.

५

हा प्रश्न मराठी प्रदेशापुरता नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने साम्राज्यातील प्रजेने देवांना बळी अर्पावा व तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. असे दाखले पपायरसवर लिहिलेल्या स्वरूपात इजिप्तमध्ये सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला; काहींनी मात्र बळी न अर्पिता पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. आपण मूर्तीपुढे वाकलो नाही, केवळ कागद घेतला, असे त्यांचे समाधान होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन हा स्वतः त्या छळात लपून राहिला होता. छळ ओसरल्यावर पतितांना मंडळीत परत घ्यावे की नाही, हा वाद त्याला सोडवावा लागला. दाखला विकत घेणे हाही दोष आहे, परंतु प्रत्यक्ष बळी अर्पणाऱ्याहून तो सौम्य आहे आणि पश्चात्तापाने परतीचा मार्ग खुला आहे, अशी भूमिका त्या काळी कार्थेजमध्ये स्थिर झाली. पुढे इ. स. २५८ मध्ये सिप्रियनाने शांतपणे देहदंड पत्करला. म्हणजे एकदा भ्यालेला माणूस पुढे निर्भय होऊ शकतो. पळून जाणे ही त्याच्या भयाची कबुली होती. दाखला घेणाऱ्याने मात्र भयाला निष्ठेचे नाव दिले होते. बाबा पदमनजींच्या काळातील मुंबईकर तरुणाने आपल्या मौनाला सुधारणेचे नाव द्यावे, हा प्रकार याच्याशी जुळणारा आहे.

येथे साधनांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘अरुणोदय’ हे बाप्तिस्म्यानंतर तीस वर्षांनी लिहिलेले पुस्तक आहे. इ. स. १८६७ मध्ये दीक्षित झालेला धर्मोपदेशक त्यात आपल्या तारुण्याकडे मागे वळून पाहत आहे. अशा लेखकाला पूर्वीची दिरंगाई पापरूप दिसणे स्वाभाविक आहे. त्या दिरंगाईत अभ्यासाचा, खऱ्या शंकेचा व मातापित्यांविषयीच्या जबाबदारीचा भाग किती होता, हे उतारवयातील कठोर दृष्टीला पुरते दिसत नाही. प्रत्येक विलंबाला भ्याडपणा म्हणणे इतिहासदृष्ट्या चुकीचे ठरेल. तसेच प्रत्येक तडजोड निष्ठाघातक असते असेही नाही. श्रीपतीच्या प्रकरणात बाळशास्त्रींनी सुचविलेला मार्ग ही एक तडजोडच होती. पण ती उघड होती आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः लोकनिंदा पत्करली. एका मुलाला घर परत मिळावे हा तिचा हेतू होता.

नारायण वामन टिळक यांचे उदाहरण हा भेद अधिक स्पष्ट करते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी त्यांनीही काही काळ अंतर्गत संघर्षात घालविला होता. पत्नी लक्ष्मीबाई यांनी इ. स. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या ताटातुटीची कहाणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आली आहे. आयुष्याच्या अखेरीस, इ. स. १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेखाली बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. वरवर पाहता ही बाप्तिस्म्याच्या बाबतीतील तडजोड वाटते. परंतु परमहंस मंडळीशी तुलना करता फरक ध्यानात येतो. दरबारात येणाऱ्याने विधी केला नसला तरी आपण कोणाचे भक्त आहोत हे झाकावयाचे नव्हते. विधीच्या बाबतीत सवलत आणि कबुलीच्या बाबतीत स्पष्टता, अशी ती रचना होती. परमहंस मंडळीत विधी धीट होता आणि कबुली मात्र नव्हती.

६

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. भय हे निष्ठेचे विरोधी लक्षण नाही. ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्या प्रत्येकाला ते असणारच. बाबा पदमनजी भ्याले, थांबले, मंडळीच्या आश्रयाला गेले, आणि तरीही अखेरीस ज्या बेळगावात त्यांचे आप्त होते तेथेच उघडपणे उभे राहिले. निष्ठेला खरा अपाय होतो तो भयाला सोयीचे नाव मिळते तेव्हा. मौनाला धोरण म्हटले जाते, उशिराला शहाणपण म्हटले जाते, आणि कबुलीचा दिवस अशा एखाद्या अटीवर ढकलला जातो की जी कधी पुरी होत नाही. हजारावा सभासद यावयाचा तो येत नाही.

जव्हार–मोखाड्याच्या पाड्यांत श्रद्धेचा प्रश्न अभ्यासू इच्छिणाऱ्या संशोधकाला या जुन्या प्रकरणापासून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, भय या शब्दाचे पृथक्करण करावे; दंड, बहिष्कार व माया यांचे भय एकाच मापाने मोजू नये. दुसरी, सोंगाचा मान किंवा गावदेवाची वर्गणी यांविषयी घेतलेला निर्णय स्वतः काय आहे यापेक्षा तो उघडपणे, कारण सांगून घेतला की लपवून, याची नोंद अधिक काळजीने करावी. गावाशी सलोखा राखून आपली श्रद्धा स्पष्ट सांगणारा माणूस आणि गावाला एक व मंडळीला दुसरेच सांगणारा माणूस, हे बाहेरून सारखे दिसले तरी एक नव्हेत. तिसरी, घरातील स्त्रिया व मुले यांची साक्ष प्रथम ऐकावी, कारण कर्त्या पुरुषाच्या तडजोडीचा खरा हिशेब त्यांच्याकडे असतो. यमुनेच्या कथेने हे १८५७ मध्येच दाखवून दिले आहे.